तुतीच्या गावाकडे निघालेली नदी

पूर्वेच्या एका राज्यात, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एक प्रांत होता. वर चहा, मध्ये भात, खाली मीठ. नवा राजा गादीवर बसला की त्या प्रांताचा ग्रंथ नव्यानं लिहायचा, अशी तिथली रीत. राजमुद्रा एका मांत्रिकानं शापून ठेवलेली. तिच्याखाली जे लिहिलं जाई, ते तीन दिवसांत खरं होई.

या खेपेला काम आलं वेनशान लेखकाकडे. स्वारीनं राजधानीत घरबसल्या हाताला लागला तो दीडशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ उतरवून काढला, मुद्रा उमटवली आणि हात झटकले. पण त्या ग्रंथानंतर, शंभर वर्षांपूर्वी, नदीनं वाट बदलली होती. जुन्या पात्रात आता तुतीचे मळे होते, रेशमाचं गाव होतं. त्याची एकुलती एक लेक रुइलान त्याच गावात दिली होती.

पकडलेले मासे गिळू नयेत म्हणून कोळ्यानं गळ्यात कडी घातलेला एक पाणकावळा खिडकीत येऊन बसला. म्हणाला, "लेखका, माझा डोह आटला. नदी जुन्या वाटेनं निघाली."

वेनशान ताडकन उठला. "उपाय?"

"भूगोल शिखरावर बसून लिही. इतिहास नदीकाठी लिही. उद्योग ज्याचा, त्याच्या दारात लिही. मग तुतीच्या गावच्या रेशमानं ग्रंथ शिव."

पहिल्या दिवशी तो धापा टाकत शिखर चढला. दुसऱ्या दिवशी नदीकाठी एका म्हाताऱ्या नावाडणीनं त्याला जुन्या पुराची हकिगत सांगितली. तिसऱ्या दिवशी तो गावात पोचला, तेव्हा पाणी घोट्याला लागत होतं. तरी गावातलं कुणी हललं नव्हतं. कोश विणणारे किडे हलवले, तर वर्षाचं रेशीम गेलं.

"रुइलान, दार उघड!"

"किडे कोश विणतायत, बाबा. या दिवसांत परक्याला आत घेत नाहीत."

"मी परका?"

"तुम्ही आम्हाला नदीत लिहिलंत."

लाजेनं त्याची मान खाली गेली. तो उंबऱ्यावर बसला.

"चुकलो, पोरी. आता तू सांग, मी लिहितो."

पानं किती वेळा घालायची, कात टाकताना किडे चारदा कसे झोपतात, उकळत्या पाण्यात कोशाच्या धाग्याचं टोक कसं शोधायचं, सगळं ती दाराआडून सांगत गेली. गुडघे भिजले तरी त्याचा हात थांबला नाही. शेवटी दाराखालून गेल्या वर्षीच्या रेशमाचा एक धागा बाहेर आला. त्यानं ग्रंथ शिवला.

खरं लिहिलेल्या ग्रंथापुढे राजमुद्रेचा शाप टिकला नाही; तिला तडा गेला. पाणी उंबऱ्याशी थांबलं आणि आल्या वाटेनं परतलं. डोह भरला.

तेव्हापासून त्या प्रांताचा ग्रंथ राजधानीत बसून कुणी लिहीत नाही. त्या दिवशी मात्र वेनशान उंबऱ्यावरून उठला नाही. चौथ्या दिवशी कोश पुरे झाले आणि दार उघडलं.

"पाय पुसा," रुइलान म्हणाली, "आणि आत या."