केरात न सापडलेली निळमाती

डोंगरांच्या कुशीत नीलपूर नावाचं एक राज्य होतं. तिथे हौसाबाई नावाची झारेकरीण राहत होती. सोनाराच्या दुकानातला केर घ्यायचा, तो पाण्यात धुवायचा, परातीत घोळायचा आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेचून काढायचे, हा झारेकऱ्यांचा धंदा. हौसाबाईची नजर अशी तयार, की पाटीभर मातीत मोहरीएवढा कण असला तरी तो तिच्या हातून सुटत नसे.

नीलपूरच्या डोंगरात सोनं नव्हतं, पण सोन्याहून मोलाची एक गोष्ट होती. तिला निळमाती म्हणत. तिची एक चिमूट कढईखाली ठेवली की लाकूड नको, कोळसा नको, पाणी महिनाभर उकळत राही. दवाखान्यातलं पाणी, रंगाऱ्यांच्या कढया, थंडीतली न्हाणीघरं, सगळं तिच्यावर चाले. पण हीच माती लिंबाएवढी एका ठिकाणी गोळा झाली, तर फुटे. आणि अशी फुटे की गाव उरत नसे. राजाच्या आजोबांच्या काळात नदीपलीकडचं एक गाव असंच गेलं होतं. तिथे अजून गवतसुद्धा उगवत नव्हतं.

म्हणून राजा भद्रसेन या मातीला फार जपे. शेजारच्या चार राजांशी त्याने करार केला होता. माती लोकांच्या कामाला वापरायची, लढाईला नाही, आणि लुटारूंच्या हाती तर कधीच लागू द्यायची नाही. ती शिशाच्या चाळीस डब्यांत थोडी थोडी करून ठेवलेली असे. कोठीला दोन कुलपं आणि त्यांच्या किल्ल्या दोघांकडे. भोवती खंदक, खंदकावर पहारा. कोठीतून बाहेर पडणाऱ्याचे कपडे झाडून घेत, जोडे उलटे करून पाहत, तोंडसुद्धा उघडायला लावत. फक्त डोक्यावरच्या पगडीला हात लावत नसत. कुणाची पगडी उतरवणं म्हणजे त्याचा चारचौघांत अपमान, असं नीलपुरात मानत.

कोठीवरचे मुख्य अधिकारी होते कोठावळे गुणाजीराव. ते छाती काढून सांगत, “महाराज, मुंगी आत शिरायची नाही!”

कोठीतली सगळी माणसं सोनारांच्या घरातली. बारीक वजन करावं तर त्यांनीच. पण येताना ती दुकानातली एक सवयही घेऊन आली होती. सोनं घासताना, वितळवताना थोडं कमी होतंच. त्याला सोनार घट म्हणतात आणि सोडून देतात. कोठीतही दर शुक्रवारी माती तोलली की डबीमागे गुंजभर घट सोडून देत. गुंज म्हणजे ती केवढीशी! कुणाला काही वाटत नसे.

एके वर्षी नवा दवाखाना उघडायचा होता आणि माती थोडी कमी पडत होती. राजाच्या मनात एकदम कल्पना आली.

“कोठी सुरू होऊन सहा वर्षं झाली. तेवढी घट खाली सांडलीच असेल ना? कोठीतला केर कुठे जातो?”

“कुठेच नाही, महाराज,” गुणाजीराव म्हणाले. “रांजणांत भरून ठेवलाय.”

“मग हौसाबाईंना बोलवा!”

हौसाबाईला कोण आनंद झाला! राजाचं काम, तेही दवाखान्यासाठी. तिने पदर खोचला. शिशाची परात घेतली, हातात लांब चिमटा घेतला आणि कामाला लागली. एक रांजण झाला, दोन झाले, सात झाले. केरात सुपारीची खांडं निघाली, तुटलेलं बटण निघालं, तराजूची जुनी दोरी निघाली. निळमातीचे कण मात्र निघाले जेमतेम तीन गुंजा.

तिने सगळा केर पुन्हा धुतला. तरी तीनच.

आता तिने परात बाजूला ठेवली. तिने गुणाजीरावांना विचारलं, “राव, सहा वर्षांची घट सगळी मिळून किती झाली असेल?”

“असेल की लिंबाएवढी. थोडी कमीच.”

“ती केरात नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती सांडलेलीच नाही. कुणीतरी नेली.”

गुणाजीरावांचा चेहरा पांढराफटक पडला. ते काही चोर नव्हते. पण उद्याच शेजारच्या राजांचे दूत कोठी पाहायला यायचे होते, आणि रावांना आपलं नाव फार प्यारं होतं.

ते हळूच म्हणाले, “बाई, माती धुताना पाण्याबरोबर वाहून गेली म्हणून सांग. शहरातल्या सगळ्या सोनारांचा केर जन्मभर तुलाच मिळेल असं करतो.”

“वाहून गेली नाही हो. माझ्या परातीतून असं वाहून जात नाही.”

“मग नीट ऐक,” रावांचा आवाज बदलला. “शेवटी त्या केराला हात कुणाचा लागला? तुझा! चोरी म्हटली की लोक आधी कुणाकडे बघतील?”

राव म्हणत होते ते खरंच होतं. हौसाबाई पडली केर धुणारी बाई. तिच्या शब्दाला कोण विचारणार? गप्प बसलं तर जन्माची भाकरी, बोललं तर कदाचित बेडी. ती कोठीच्या पायरीवर बसली. समोर दवाखान्याच्या अंगणात बाळंतिणींचे कपडे वाळत होते. लिंबाएवढी माती कुणाच्या तरी घरात जमत होती, आणि हे चोर सोडून नीलपुरात फक्त दोघांना ठाऊक होतं.

ती उठली आणि तडक दरबारात गेली.

“महाराज, कोठीतली माती चोरीला गेली आहे!”

दरबारात एकच गलका झाला. कुणी हसलं, कुणी ओरडलं, “हिलाच धरा!” हौसाबाई त्या गलक्यातून पुढे आली.

“मला धरा, खुशाल धरा. पण आधी माझं ऐका. सोनाराकडे कारागीर सोनं कसं चोरतो ते आम्हा झारेकऱ्यांना माहीत असतं. डोक्याला तेल चोपडून यायचं, कामाच्या हाताने केस सारखे करायचे आणि घरी जाऊन डोकं धुवायचं. सोन्याने केसांना काही होत नाही. ही माती मात्र अंगाला लागली तर सोडत नाही, कातडी भाजते, केस झडतात. कोठीतल्या माणसांना पगड्या काढायला सांगा!”

“पगड्या?” गुणाजीराव भडकले. “महाराज, ही केरवाली आमची अब्रू काढायला निघाली आहे!”

राजाने स्वतःच्या डोक्यावरचा मंदील उतरवला आणि मांडीवर ठेवला.

“कोठीत मीही जातो. माझ्यापासून सुरुवात झाली. चला, राव!”

गुणाजीरावांनी ओठ आवळून पगडी काढली. डोकं ठणठणीत! त्यांच्यामागे दोघा किल्लीवाल्यांनी काढली. तीही डोकी ठीक. राहिला रखमाजी, दर शुक्रवारी तराजू धरणारा. तो एक पाऊल मागे सरकला, आणखी एक सरकला आणि दाराकडे धावला.

“धरा त्याला!”

शिपायांनी त्याला उंबऱ्यावरच गाठलं. झटापटीत पगडी खाली पडली. डोक्यावर केस नावाला नव्हते. सगळीकडे लालभडक फोड!

रखमाजी रडतच बोलू लागला. “महाराज, घाटातल्या झुंजार दरोडेखोराला देतो मी. सहा वर्षं झाली. या शुक्रवारची चिमूट मिळाली की गोळा पुरा, असं तो म्हणाला होता. त्याचे दोघे माझी वाट बघत बाजारात थांबलेत.”

पण ते दोघे आता कुठले थांबतात! गलका ऐकून त्यांनी घोड्यांना टाच मारली होती. तासाभरात झुंजारला खबर लागणार आणि माती डोंगराबाहेर जाणार. डोंगराबाहेर चार वाटा, चारही शेजाऱ्यांच्या मुलखातून जाणाऱ्या.

“चारही राजांना सांगावा धाडा,” राजा म्हणाला. “आपली माती चोरीला गेली म्हणून सांगा.”

“महाराज!” गुणाजीराव कळवळले. “सगळ्या जगात आपलं नाक कापलं जाईल!”

“नाक सांभाळू की गावं सांभाळू, राव?”

नगारे वाजले. घोडेस्वार सुटले. डोंगरामागून डोंगरावर इशाऱ्याच्या धुराचे लोट उठले. चारही राजांनी एक प्रश्न विचारला नाही, आधी आपापल्या वाटा बंद केल्या. गाड्या थांबल्या, पोती उघडली, टोपल्या उपड्या झाल्या.

ऊन कलायच्या आत खालच्या नदीवर, दक्षिणेकडच्या राजाच्या एका शिपायाने भोपळ्यांनी भरलेली नाव अडवली. नाववाला हसून म्हणाला, “अहो, बाजाराचा माल आहे, दादा. उशीर होतोय.” शिपाई एकेका भोपळ्यावर हात ठेवत पुढे गेला आणि एकदम हात मागे घेऊन ओरडला, “पाण्यावरचा गार वारा, आणि हा भोपळा तापला कसा?”

भोपळ्याच्या पोटात निळमाती होती, आणि नाववाला होता खुद्द झुंजार!

त्या संध्याकाळी पाचही राज्यांत लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी दूत आले ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, “तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून आमची गावं वाचली.” राजाने हौसाबाईला विचारलं, “काय देऊ तुम्हाला?”

“महाराज, तो घट शब्द कोठीतून काढून टाका,” ती म्हणाली. “दुसरं काही नको.”

तसंच झालं. तोलाच्या वेळी पाचही राज्यांची माणसं बसू लागली, आणि हौसाबाई कोठीची तपासनीस झाली.

पहिल्याच शुक्रवारी अर्धी गुंज कमी भरली. घंटा वाजली, दारं बंद झाली आणि आतले सगळे आतच राहिले. जेवणाची वेळ टळली तरी कुणी कुरकुरलं नाही. गुणाजीराव धोतर सावरून हौसाबाईशेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि फरशीची एकेक फट बघू लागले. दुपारी त्यांनी तराजूच्या दोरीची गाठ सोडली आणि लहान मुलासारखे ओरडले, “सापडली! बाई, सापडली!”

तात्पर्य: जी वस्तू गावंच्या गावं जाळू शकते, तिचा हरवलेला एक कणही क्षुल्लक मानू नये. तो कुठे गेला हे विचारताना कुणाच्या मानाची भीड धरू नये, आणि तो हरवला हे शेजाऱ्याला सांगताना लाजू नये.