सोवळ्यातला ताप

नदीकाठी एक गाव होतं. गावात देवीचं ठाणं होतं, आणि त्या देवीचा रोजचा नैवेद्य रांधणारी एक बाई होती. तिचं नाव द्वारकाबाई. सगळे तिला द्वारकाकाकू म्हणत. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. देवळामागची एक खोली आणि देवळातली चूल, एवढाच तिचा संसार.

नैवेद्याचं सोवळं कडक. पहाटे अंघोळ करायची, उंच वाळत घातलेलं लुगडं काठीने उतरवून नेसायचं आणि चुलीपुढे बसायचं. मग दुपारची आरती होईस्तोवर कुणाला शिवायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही, लघवीलाही उठायचं नाही. उठलं की सोवळं मोडलं. मग पुन्हा अंघोळ, पुन्हा दुसरं लुगडं, आणि रांधलेलं सगळं गाईपुढे.

हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते कुणी पाहिलं नव्हतं. पण काकू पाळत होती, आणि तिला त्याचा ताठा होता. "माझ्या हातून देवीचा नैवेद्य कधी चुकला नाही," असं ती सांगे. ऐकणाऱ्याने लांबूनच हात जोडावेत आणि निघून जावं. सोवळ्यातल्या बाईजवळ कोण बसणार? दुपारनंतर सोवळं सुटे, पण लोकांची लांब राहायची सवय काही सुटत नसे.

मागच्या अंगणात हौसा देवळाची भांडी घासायची. दोघींच्या मध्ये उंबरठा. अलीकडे काकू, पलीकडे हौसा. काकूला बोलायला माणूस म्हणजे तेवढंच.

एका वर्षी श्रावणात काकूला उन्हाळी लागली. लघवीला बसलं की आग व्हायची. थेंबथेंब व्हायची, आणि उठलं की पुन्हा जावंसं वाटायचं. ओटीपोटात पीळ पडायचा. काकू संध्याकाळी धण्याजिऱ्याचं पाणी प्यायली. जरा बरं वाटलं, सकाळी पुन्हा तेच. मग तिने वेड्यासारखं केलं. पाणीच तोडलं. जळतं म्हणून जायचं नाही, जायचं नाही म्हणून प्यायचं नाही. असल्या शहाणपणाने आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

हौसाने ओळखलं. "काकू, सारख्या मांडी बदलताय. दवाखान्यात जाऊन या की."

"उष्णता आहे. जाईल."

"अशीच उष्णता माझ्या जावंला व्हती. पार अंथरुणाला खिळली."

"तुझ्या जावेला नवरा आहे," काकू म्हणाली. "मी एकटी. एकट्या बाईला लघवीचा आजार झाला म्हटलं की लोक त्याला काय काय चिकटवतील, ते तुला ठाऊक नाही का?"

हौसाला ठाऊक होतं. ती राखेने कढई घासत बसली.

शेवटी सोसवेना तेव्हा काकू बाजाराच्या दिवशी डोक्यावरून पदर ओढून तालुक्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली आणि गोळ्या दिल्या. "सकाळ-संध्याकाळ, काहीतरी खाऊन घ्या. जळजळ थांबली तरी गोळ्या थांबवू नका. आणि पाणी भरपूर प्या."

काकूने मान हलवली. पण सकाळी खाणार कशी? आरतीआधी तोंडात काही घालायचं नाही. म्हणून सकाळची गोळी राहायची. संध्याकाळची मात्र घेतली. दोन दिवसांत आग शमली. काकू म्हणाली, झालं. उरलेल्या गोळ्या तिने कागदात बांधून कोनाड्यात टाकल्या. अर्धवट ठेचलेला विंचू मेला असं समजून त्याच्या शेजारीच निजावं, तसं ते झालं.

नवरात्र आलं. अष्टमीला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. काकू पहाटेपासून चुलीपुढे. अंगात थंडी भरून आली होती, बरगडीखाली पाठीत एका बाजूला कळ मारत होती. समोर एवढा जाळ, आणि हिचे दात वाजत होते. चेहरा लालबुंद झाला होता, डोळे चकाकत होते.

दर्शनाची रांग स्वयंपाकघराच्या दारावरून जात होती; रांगेतल्या बायकांनी ते पाहिलं. एक म्हणाली, "अगं बघ, काकूंच्या तोंडावर देवीचं तेज आलंय." दुसरीने कडेवरचं पोर खाली ठेवून त्याला लांबूनच नमस्कार करायला लावला. मग रांगेतली जी ती हात जोडू लागली.

काकूने ते ऐकलं. खरं सांगायचं तर तिला ते गोडही वाटलं. एवढी माणसं हात जोडत होती. आणि एवढ्या माणसांत तिला ताप आहे हे एकालाही कळत नव्हतं. ताप हात लावल्यावाचून कळत नाही, आणि तिला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

पोळी लाटता लाटता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. लाटणं हातातून सुटलं. तेव्हा तिच्या मनात आलं, आपण आत्ता या चुलीत पडलो, तर ही माणसं आधी शिवायचं की नाही यावर बोलत बसतील.

ती भिंतीला धरून उठली आणि मागच्या उंबरठ्याशी आली.

"हौसा, माझ्या कपाळाला हात लाव."

हौसाने राखेचे हात लुगड्याला पुसले, पण पुढे आली नाही. "काकू, आरतीला लोक खोळंबल्यात. म्या शिवले तर मला गावात कोण ठेवील?"

"मग मीच शिवते," काकू म्हणाली. तिने उंबरठा ओलांडला, हौसाचा हात धरला आणि आपल्या कपाळावर ठेवला. माणसाचा हात अंगाला लागून किती वर्षं झाली होती, ते तिला आठवेना.

हौसाने हात मागे घेतला नाही. "तेज कसलं डोंबलाचं," ती म्हणाली. "हितं तर भट्टी पेटलीया."

विश्वनाथभट पुजारी धावत आले आणि लांबच थांबले. "काकू, आरती झाल्यावर बाहेर पडला असता तर चाललं नसतं का?"

"तवर काकू ऱ्हायल्या असत्या का, ते देवीला इचारून सांगा," हौसा म्हणाली आणि काकूला खांद्याला धरून घेऊन गेली.

दवाखान्यात काकूला भरती केलं. सलाईन लावलं, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार खाली होता तो वर मूत्रपिंडापर्यंत चढलाय. अर्धवट गोळ्यांचं हे फळ. आणखी दोन दिवस लपवलं असतंत तर जिवावर बेतलं असतं."

आजूबाजूला कुणी नाही असं बघून काकूने हळूच विचारलं, "बाई, मी इतक्या वर्षांची विधवा. मला हा आजार व्हावाच कसा?"

"मागच्या बाजूचे जंतू पुढे येतात आणि लघवीच्या वाटेने वर चढतात," बाई म्हणाल्या. "बायकांची ती वाट आखूड. कुंकू आहे की नाही ते जंतूंना दिसत नाही. लहान पोरींना होतं, लग्न झालेल्यांना होतं, पाळी गेलेल्यांना तर जास्तच. तुम्ही तहान मारता, लघवी अडवून बसता, म्हणजे त्यांच्यासाठी डबकंच साठवून ठेवता. वाहत्या पाण्यात घाण टिकते का? जावंसं वाटलं की जायचं. धुताना हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे नाही. यात पाप कुठे आलं?"

काकू छताकडे बघत पडली. एवढी साधी गोष्ट. आणि तिच्यासाठी ती कुढत बसली होती.

गावातून फक्त हौसा भेटायला आली. भाकरी बांधून आणली होती.

"अष्टमीचं काय झालं?" काकूने विचारलं.

"दूधसाखरेवर भागवलं."

"मग? देवी काही म्हणाली?"

"देवी कशाला म्हणंल? भटजी म्हणले."

भटजींनी काय ठरवलं ते काकूला परत आल्यावर कळलं. चूल त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोकडे, मंदाकिनीकडे, गेली होती. "खोलीत राहा," ते काकूला म्हणाले. "पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलंत तर खोलीही जाईल."

काकूने या वेळी शेवटच्या गोळीपर्यंत औषध घेतलं. पाणी पोटभर पिऊ लागली. देह सुधारला. पण दिवस खायला उठायचा. नमस्कार बंद झाले. जवळ तर आधीच कुणी नव्हतं, आता लांबूनही कुणी उरलं नाही.

माघात देवीचा उत्सव आला. काकू स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बसली होती. आत मंदाकिनी रांधत होती. लेकुरवाळ्या वयाची पोर, पण ओठ सुकून गेलेले. एकदा या मांडीवर बसे, एकदा त्या मांडीवर. मध्येच गुडघे घट्ट आवळून डोळे मिटून घेई.

काकूने तोंड फिरवलं. आपल्याला काय करायचंय? मोठ्या आवडीने चूल घेतलीय ना, भोगू दे. आणि आत पाऊल टाकलं तर या वयात राहायला जायचं कुठे? नदीच्या वाळूत?

आतून पळी पडल्याचा आवाज आला. काकूने पुन्हा वळून पाहिलं. मंदाकिनी पोट धरून वाकली होती, आणि रांगेतली सगळी माणसं नुसती बघत होती.

काकू उठून दाराशी गेली. "जायचंय ना तुला?"

"आरती होऊ द्या," मंदाकिनी पुटपुटली. "लांब व्हा, काकू."

"किती दिवस जळतंय?"

मंदाकिनीचे डोळे भरून आले.

काकू आत गेली आणि सगळ्यांदेखत तिने मंदाकिनीचा दंड धरला.

"शिवले मी हिला," ती शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "सोवळं मोडलं. मी मोडलं. हिला कुणी बोल लावायचा नाही. ऊठ पोरी, आधी जाऊन ये. आल्यावर पाणी पी. मग आपण दवाखान्यात जाऊ."

विश्वनाथभट लांबूनच ओरडले. "काकू, खोली आजच्या आज रिकामी करा."

"करते," काकू म्हणाली. "देवीने विचारलं तर सांगा, द्वारकेने नैवेद्याला उशीर केला. देवी बाईच आहे, तिला कळेल."

मंदाकिनी उठली. काकूने दंड सोडला, पण मंदाकिनीने काकूचं मनगट घट्ट धरलं ते सोडलं नाही. रांगेने वाट दिली. दोघी तशाच बाहेर पडल्या.

तात्पर्य: तहान मारून, लघवी अडवून आणि दुखणं झाकून कुठलाही देव पावत नाही. देहाने हाक दिली की उठावं, औषध शेवटच्या गोळीपर्यंत घ्यावं, आणि जिला उठता येत नसेल तिला लांबून हात जोडण्यापेक्षा जवळ जाऊन हाताला धरून उठवावं.