चौथी कड

"...मग मी चुकतेय का, एवढंच सांग, माय."

कुमुदने पुन्हा विचारलं. गयामाय गोधडीवरून हात फिरवत राहिली.

कुष्ठाने बोटं झडलेले हात ते. तरी गावाबाहेरच्या या शेडमध्ये आम्हा सगळ्या अपंग बायांना तिनेच गोधडी शिकवली. ती सांगायची, आम्ही शिवायचो. कुमुद तिची सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत हट्टी शिष्या. सुई ओवायलासुद्धा कुणाचा हात लागू द्यायची नाही. तिचे पाय आधीच गेले होते, आता आजार दंडापर्यंत आला होता.

आमच्यातली एखादी गेली की तिच्या लुगड्याचा तुकडा गोधडीत बसवायचा, आणि त्याच्या चार कडा चौघींनी दुमडायच्या, ही शेडची रीत. जिवंत बाईच्या लुगड्याचा तुकडा कुणी आणला नव्हता.

कुमुदने आणला. आज शेडमध्ये येताच म्हणाली,

"मी गेल्यावर नको. आत्ताच लावा. मला बघू दे."

"कुठं निघालीस?" मायने विचारलं होतं.

"परदेशात. तिथं मागितलं तर डॉक्टर मरण देतात, कायद्यानं. दादानं सगळं जुळवलंय."

तिचा भाऊ हेमंत दारात उभा होता. त्यानेच तिला उचलून आत आणलं होतं.

"फार दुखतं का गं?" मायने आता विचारलं.

"दुखणं सोसलं असतं, माय... पण वहिनी मला उचलते ना, तेव्हा श्वास रोखून धरते."

शेडमधल्या सगळ्या सुया थांबल्या. मला पुढचा टाका घालवेना.

गयामायने तो तुकडा मांडीवर घेऊन मनगटाने चाचपला.

"कडा कुणी दुमडल्या?"

"मीच. चारही. दातात कापड धरून." एवढ्या दुःखातही तिची मान ताठ झाली. "कुणाला हात लावू दिला नाही."

"आणि तिकडं, मरताना?"

"...तिथं लागेलच ना मदत."

"ती चालेल?"

मला मायचा रागच आला. जीव नकोशा झालेल्या बाईला असं विचारतात का?

हेमंत पुढे आला. "माय, इच्छा तिची आहे. मी फक्त मदत करतोय."

"कशाकशात, बाबा?"

त्याला काही कळलं नाही. कुमुदला कळलं. ती भावाकडे न बघता बोलू लागली.

"दाराला पायऱ्या आहेत. तिथं उतार करून दे म्हणून किती वर्षं मागे लागलेय. चाकाची खुर्ची माझी मी बाहेर नेली असती. निदान ओट्यावर बसले असते..."

"राहून गेलं गं," हेमंत म्हणाला.

"हो. परदेशाचं तेवढं राहिलं नाही."

हेमंतचे डोळे भरून आले. माणूस वाईट नव्हता, हे मी त्याला ओळखते म्हणून सांगते. बहिणीचे हाल त्याला खरंच बघवत नव्हते.

गयामायने तुकडा तोंडाशी नेला. उरल्यासुरल्या दातांनी तिने एका कडेचा दोरा तोडला आणि ओढला. कड उसवत गेली.

"माय! अगं, काय केलंस हे?" कुमुद ओरडली. "किती दिवस घालवले होते मी त्यात!"

दोन्ही मनगटांत धरून तिने तो तुकडा हेमंतच्या हातात दिला.

तो गडबडला. "मला शिवता येत नाही, माय."

"ही कड तुझ्या वाटची. शिवू नकोस, आधी उतार बांध. मग हिला एकटीला बाहेर येऊ दे, आणि जायचंय का, ते तेव्हा विचार."