मटकीला मोड येईपर्यंत

शाल्मलीचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. तिच्या कंपनीने नकाशांची एक सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा तयार कोड, बनवली होती. कोणाला दोन गावांमधलं अंतर एवढंच हवं असलं, तरी प्रोग्रॅममध्ये जोडताक्षणी ती उपग्रहचित्रं, हवामान, समुद्राची खोली असं सगळं लोड करत बसायची. रुग्णवाहिका सेवा चालवणाऱ्या ग्राहकाने वैतागून निर्वाणीचं सांगितलं होतं, "आज सुधारा, नाहीतर आम्ही चाललो."

शाल्मलीचा उपाय तयार होता, पण मुख्य सॉफ्टवेअर आर्किटेक्ट दिवेकर सर मीटिंगमध्ये त्याला मंजुरी देईनात. "सगळं आधीच तयार हवं! न जाणो, कोणाला काय लागेल?" असं म्हणत ते खुर्चीत रेलले आणि त्यांनी चहा मागवला.

"मी सांगून येते," म्हणत शाल्मली कॅन्टीनमध्ये जाऊन आली.

चहा काही येईना. सरांनी घड्याळ पाहिलं, पेन आपटलं, पुन्हा पुन्हा दाराकडे पाहिलं. शेवटी ते कडाडले, "अगं, चहा कुठे अडलाय?"

"चहा केव्हाच झालाय सर. वडे तळून झाले, इडल्या वाफेवर आहेत. फक्त मिसळीच्या मटकीला मोड यायचेत, ते उद्या सकाळी येतील. मग सगळं एकदमच आणतील."

"मिसळ मागितली कोणी?"

"न जाणो सर, कोणाला काय लागेल?"

मीटिंगमध्ये खसखस पिकली. "जे मागितलंय ते द्या ना आधी!" सर ओरडले. "बाकीचं मागेन तेव्हा बघा!"

शाल्मलीने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. "माझ्या बदलात एवढंच लिहिलंय सर. मंजुरीचं बटण दाबा, चहावाला दाराबाहेरच उभा आहे."