तकियातली चिंच

“पण तार तर धड आहे, बाबा! मग झाड मोडलं कसं?”

मुरलीधर डोईफोडे मान वर करून उभा होता. चिंचेची दोन खोडं एकाच बेचक्यातून वर गेलेली. त्यातलं एक माणसाच्या दुप्पट उंचीवर मोडलं होतं. नेमकं तारेचा बोल्ट होता त्याच्या लगेच वर. वरचा सगळा पसारा खाली आडवा पडला होता, पानं अजून पुरती सुकली नव्हती.

तार मात्र जागच्या जागी होती. एका टोकाला उभं खोड, दुसऱ्या टोकाला थोटूक. मधे ती ताठ.

लतीफशहा बाबा पडलेल्या फांदीवर बसले होते. 

हा तकिया, म्हणजे फकिराचं ठाणं, गावाबाहेर, नदीच्या चढावर. फकिरी घेण्याआधी बाबांनी निम्मं आयुष्य झाडांवर काढलं होतं. रस्त्याकडेचे वड, देवळांपुढचे पिंपळ, कुणाच्या दारातला म्हातारा आंबा… जे झाड फाटायला आलं असेल त्याला ते बांधून घ्यायचे. मुरलीधर त्यांच्याच हाताखाली शिकला. पुढं शहरात गेला, नाव कमावलं. मोठमोठ्या बागांची जुनी झाडं सांभाळायला त्याला बोलावणी यायला लागली.

सात वर्षांपूर्वी चिंचेचं बेचकं फाटू लागलं, तेव्हा बाबांनी त्याला निरोप पाठवला होता. तो आला. माणसं, शिड्या, पोलादी तार, सगळं घेऊन आला. दिवसभरात काम संपवलं आणि खाली उतरून म्हणाला होता, “आता वादळ येऊ द्या, बाबा. पान हलायचं नाही.”

त्यानंतर तो आज आला होता.

“बोल्ट हलका नव्हता,” मुरलीधर म्हणाला. “तार त्याहून जाड नव्हती लागत. माझ्या हिशेबात कुठंच…”

“जैतुनबीला भेटलास?”



“नाही अजून. म्हटलं, आधी झाड बघावं.”

बाबा उठले आणि तिच्या खोलीकडं चालू लागले.

जैतुनबी तीस वर्षं या चिंचेखाली माठ भरून ठेवायची. नदी ओलांडून आलेला माणूस, मग तो कुणीही असो, तिच्या हातचं पाणी पिऊन पुढं जायचा. खोड पडलं तेव्हा ती खालीच होती. खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा चालता येईल असं डॉक्टर म्हणत नव्हते.

ती खाटेवर उताणी पडली होती. मुरलीधरला बघून तिनं उठायची खटपट केली. जमलं नाही.

“मुरली का? दमून आला असशील. पाणी…” ती म्हणाली, आणि मग तिच्याच ध्यानात आलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मुरलीधर खाली बसला.

“चाची, वारं सुटलं होतं ना? तुम्ही बाजूला का नाही झालात?”

“आधी व्हायची की.”

“मग?”

“आधी वारं सुटलं की ही चिंच करकर वाजायची. लांबूनच सांगायची. मी माठ उचलायची अन् भिंतीकडं यायची. बसलेली माणसं पण उठायची.” तिनं दम घेतला. “तू तार बांधलीस अन् ती गप झाली.”

मुरलीधरची नजर दाराबाहेरच्या तारेकडं गेली.

“मला वाटलं, बरी झाली.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मुरलीधरला बरं वाटलं असतं.

 तो उठून बाहेर आला. बाबा ओट्यावर होते.

“तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, तारेत थोडी ढील ठेव.”

“म्हणालो होतो.”

“मी ठेवली नाही. झाडाला डोलताच आलं नाही, सगळा जोर बोल्टपाशी आला.”

“खालून दिसत होतं मला.”

मुरलीधरनं बाबांकडं पाहिलं. “दिसत होतं? मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

 नदीच्या बाजूनं झुळूक आली, पडलेल्या फांदीची सुकत आलेली पानं सळसळली.

“तू खूश होतास,” बाबा म्हणाले. “माझा शागीर्द एवढा मोठा झाला, मीही खूश होतो. आणि खरं सांगू? त्या करकरीचा मला कंटाळा आला होता, बेटा. रोज जीव टांगणीला. तू ती थांबवलीस. मी सात वर्षं निवांत नमाज पढलो.”

“बाबा…”

“तार सैल करायला ये, असा तुला निरोप धाडायला हवा होता. दरसाल वाटायचं, धाडू. दरसाल झाड गप्प असायचं.”

मुरलीधरनं त्यांच्या पायाला हात लावला. “मला माफ करा, बाबा.”

बाबांनी त्याचे दोन्ही हात धरून बाजूला केले.

“माफी माझ्याकडं नाही,” ते म्हणाले. “माझीच मला मिळालेली नाही अजून.”

 ऊन कलायला लागलं. आतून जैतुनबीचं कण्हणं ऐकू आलं, मग तेही थांबलं.

शेवटी मुरलीधर उठला. उभ्या खोडालाही वर दोन फाटे होते, आणि फाट्याच्या मुळाशी बारीक चीर दिसत होती. त्यानं आधी चढून ती जुनी, ताठ तार सोडवली. ती खाली पडताना मोठा आवाज झाला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

मग त्यानं सोबत आणलेली नवी तार न घेता जाड दोर घेतला. दोन फाट्यांच्या मधे तो ओवला. हात सवयीनं आवळायला गेले. दोर ताठ झाला… आणि हात तिथंच थांबले.

त्यानं दोर सैल केला. फाटे झुळकीनं एकमेकांपासून दूर झाले, जवळ आले.  त्यानं पुन्हा आवळला. पुन्हा सोडला.

किती झाडं बांधली होती त्यानं. मोजदाद नव्हती. सगळी ताठ. बांधून झाल्यावर एकाकडंही तो परत गेला नव्हता. ती कुठं कुठं उभी असतील, त्यांच्याखाली आत्ता कोण बसलं असेल, हे त्याला फांदीवर बसल्या बसल्या सांगता येईना.

“बाबा,” त्यानं वरून हाक मारली. आवाज पहिल्या दिवशी झाडावर चढलेल्या पोरासारखा झाला होता. “किती ढील ठेवू?”

बाबा खाली, बुंध्याला हात लावून उभे होते. त्यांनी वर बघितलं नाही.

“तुला सुखाची झोप लागणार नाही, एवढी.”