गोदाक्काच्या वहीतली शेपूट

फार जुन्या काळी, डोंगरउतारावरच्या एका गावात गोदाक्का नावाची एक बाई राहत होती. तिला नाचणीचं भारी वेड. दरवर्षी ती लहान लहान वाफ्यांत वेगवेगळं बियाणं पेरायची, कुठलं जगलं आणि कुठलं करपा रोगानं गेलं ते बघायची आणि वहीत टिपून ठेवायची. नऊ वर्षं तिनं हे केलं, मग वही बाजूला ठेवून दिली.

पण टिपायची ती स्वतःच्या खुणांनी. बियाण्याच्या प्रत्येक गाडग्यावर एक चित्र, वहीत तेच चित्र, त्याच्यापुढे एक गोळा. काही गोळ्यांना शेपूट, काहींना नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "नऊ वर्षं उन्हात मी उभी राहिले. तुम्हाला आयतं कशाला सांगू?"

एका वर्षी करपा असा पडला, की खोऱ्यातल्या सातही गावांची नाचणी गेली. पुढच्या पेरणीला कुठलं बियाणं घ्यावं, कुणालाच कळेना. सगळी माणसं गोदाक्काच्या अंगणात जमली.

"आक्का, आता तूच सांग. तू बोट दाखवशील ते पेरू."

गोदाक्कानं ऐटीत वही उघडली आणि ती गोळ्यांवरून बोट फिरवू लागली. शेपूट म्हणजे करपलं, की शेपूट म्हणजे लांब कणीस? काही केल्या आठवेना. समोर माणसं आशेनं बघत होती. कुठल्याही गाडग्याकडे बोट दाखवलं असतं, तरी त्यांनी विश्वास ठेवला असता. तिचा हात उचललाही गेला. मग तिला त्यांच्या रिकाम्या कणग्या आठवल्या आणि तिनं हात खाली घेतला.

"माझंच लिहिलेलं मला वाचता येत नाही," ती म्हणाली. लाजेनं तिचे कान लाल झाले.

कुणीतरी म्हणालं, "ओढ्यापलीकडचा मल्लू अण्णाही असलंच काहीतरी लिहीत असतो."

गोदाक्का वही काखेत मारून निघाली आणि तिनं अण्णाला त्याच्या गावच्या चावडीत गाठलं. मल्लू अण्णाची वही चावडीत सगळ्यांसाठी ठेवलेली होती. साध्या अक्षरांत वर्ष, जमीन, पाऊस, काय जगलं, काय मेलं. फसलेली पेरणीसुद्धा त्यानं लपवली नव्हती.

"अण्णा, बघू का?"

"विचारतेस काय? बघायलाच ठेवलीय."

दोघांनी वह्या शेजारी शेजारी मांडल्या. अण्णानं वाचलं, "तिसरं वर्ष. दसऱ्यापर्यंत पाऊस. करपा सगळीकडे."

गोदाक्कानंही त्याच वर्षी सुरुवात केली होती; तिनं आपलं तिसऱ्या वर्षाचं पान काढलं. शेपट्याच शेपट्या! फक्त दोन गोळे बिनशेपटीचे.

"म्हणजे शेपूट म्हणजे करपलं!" ती ओरडली. "आणि हे दोन वाचले!" तिनं त्या दोन चित्रांची बियाणी कुठली, ते सांगितलं.

"त्यातलं एक माझ्या माळावरही वाचलं होतं," अण्णा हसला. "दुसरं माझ्याकडे नव्हतंच. कुठं पेरलं होतंस?"

"ओढ्याकाठच्या चिकट मातीत."

मग काय! माळावर एक बियाणं गेलं, ओढ्याकाठी दुसरं. सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतं, म्हणून सातही गावांनी मूठमूठ वाटून घेतलं. त्या वर्षीही करपा आला, पण कणसं भरली. मळणीला हलगी वाजली आणि गोदाक्का अण्णाच्या बायकोबरोबर फेर धरून नाचली.

नंतर तिनं सगळी वही साध्या अक्षरांत पुन्हा लिहिली. कुठली खूण म्हणजे काय, ते पहिल्याच पानावर. सात नकला केल्या आणि प्रत्येक गावच्या चावडीत एक ठेवली.

दोन वर्षांनी समुद्राकाठची एक अनोळखी बाई डोक्यावर टोपली घेऊन दारात आली.

"गोदाक्का तुम्हीच ना? तुमच्या वहीची नक्कल आमच्यापर्यंत पोचली. त्यातलं बियाणं आम्ही खाऱ्या जमिनीत पेरून बघितलं. एक जगलं. ते आणलंय, आणि कसं पेरलं तेही लिहून आणलंय. वर तुमचं नाव घातलंय."

गोदाक्कानं तिला हाताला धरून घरात नेलं. "आधी भाकरी खा," ती म्हणाली, "आणि मग पहिल्यापासून सगळं सांग."

तात्पर्य: शोधून काढलेलं ज्ञान दुसऱ्याला वाचता येईल असं लिहावं, फसलेलंही लपवू नये आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवावं, म्हणजे ते टिकतं आणि वाढतंही.