मुंजाच्या वळणावरची फटफटी

ऐका, लहानांनो आणि थोरांनो. फार जुन्या काळची गोष्ट आहे. डोंगरातल्या माणसांना फटफटी म्हणजे मोठं नवल वाटे, त्या काळची.

राजाने घाटाअलीकडच्या गावाला एकच फटफटी दिली होती. पलीकडच्या गावात कुणी अडलं, तर वैद्याला किंवा सुईणीला मागे बसवून घाटापार न्यायचं, एवढंच तिचं काम. ती तुळाजी चालवी. त्याच्याआधी त्याचा चुलता चालवत असे.

घाटात एक वळण होतं. एका अंगाला पिंपळ, दुसऱ्या अंगाला दरी. हिवाळ्यात दाट धुकं उतरलं की फटफटी तिथं येऊन खोकायची आणि बंद पडायची. लोक म्हणत, पिंपळावरचा मुंजा तिचा श्वास धरतो. एका सकाळी चुलता तिथं असाच अडकला. धुकं विरल्यावर लोकांना फटफटी वळणावर उभी सापडली, आणि चुलत्याची पावलं कड्यापर्यंत गेलेली दिसली. पुढे पावलं नव्हती.

तेव्हापासून तुळाजी नारळ घेतल्याशिवाय घाटात शिरत नसे. फटफटी बंद पडली की तिच्याकडे न बघता तो पिंपळाशी जाई, नारळ फोडी, फेऱ्या घाली, मग परत येऊन किक मारी. फटफटी सुरू होई. दर वेळी होई. म्हणूनच त्याची भीती दर वेळी थोडी वाढत जाई.

एका सकाळी पलीकडच्या गावचा माणूस धापा टाकत आला. त्याची बायको अडली होती. तुळाजीने गोजरमावशीला मागे बसवलं. मावशी म्हणजे त्या मुलखाची सुईण, आपला पत्र्याचा डबा मांडीवर घट्ट धरून बसलेली.

त्या दिवसाचं धुकं असं होतं की पुढचं चाक दिसेना. दिवस वर आला होता, पण घाटात उजेड नव्हता. वळणावर इंजिन खोकलं, धडधडलं आणि गप्प झालं. तुळाजीने नारळ फोडला, फेऱ्या घातल्या. फटफटी सुरू झाली. त्याने सुटकेचा श्वास सोडला, आणि थोडं पुढे जाताच ती पुन्हा बंद पडली.

असं आजवर कधी झालं नव्हतं. दुसरा नारळ नव्हता. मागे पिंपळाची पानं सळसळत होती आणि वारा तर मुळीच नव्हता, असं तुळाजीला वाटलं.

"मावशी, त्याला आज नारळ पुरला नाही," तो कुजबुजला. "त्याला माणूस हवंय. पळा."

तो वळलाही. मावशीने त्याचं मनगट धरलं.

"कुठं पळतोस? कडा कुठल्या अंगाला आहे ते तरी दिसतंय का? तुझ्या चुलत्याला मुंजाने नाही मारलं रे. पळण्याने मारलं."

तुळाजी जागीच उभा राहिला. त्याच्या पायापासून दरी किती दूर होती, ते त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

"बाई अडली की घरातले म्हणतात, दृष्ट लागली, बाहेरचं आहे," मावशी हळू आवाजात म्हणाली. "भीती मलाही वाटते. पण मी आधी हात लावून बघते, मूल कुठं अडलंय. ही बंद पडल्यावर तू हिला कधी हात लावलास?"

"नाही. इथं कोण थांबतं?"

"आणि उन्हाळ्यात कुठं जातो हा तुझा मुंजा?"

तुळाजीने फटफटीकडे वळून पाहिलं. तो पिंपळाकडे पाठ करून खाली बसला. त्याने टाकीची नळी सोडून पाहिली. पेट्रोल येत होतं. प्लग काढून किक मारली. निळी ठिणगी पडली. राहिली हवा. पेट्रोल आणि हवा जिथं एक होतात, त्या पितळी कार्बोरेटरला त्याने बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. शेजारी इंजिन पोळत होतं, आणि हे मात्र बर्फासारखं गार. वरून पांढरं दव गोठलेलं. त्याच्या हवेच्या तोंडातून आत पाहिलं तर बर्फाने वाट बुजत आणलेली.

चढणभर ओली गार हवा आत जात होती, उडणाऱ्या पेट्रोलच्या गारव्याने तिच्यातली वाफ गोठत होती, आणि वळणापर्यंत फटफटीचा श्वास कोंडत होता. तो फेऱ्या घालायचा, तेवढ्यात इंजिनाच्या उबेने बर्फ वितळायचा. पाहायला जावं तर काहीच उरत नसे, आणि पाहायला तो कधी गेलाच नव्हता. आज गारठा जास्त होता, म्हणून बर्फ पुरता वितळला नव्हता.

"मावशी," तो म्हणाला, "काका नुसता थांबला असता तरी चाललं असतं."

मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग डब्याचं झाकण काढून दिलं. तुळाजीने ते वाकवून तारेने असं बांधलं, की आत जाणारी हवा तापलेल्या इंजिनावरून यावी. बर्फ पाणी होऊन ठिबकेपर्यंत दोघं तिथंच उभी राहिली. ते थांबणं त्याला सर्वांत जड गेलं. भीती काही गेली नव्हती. पण किक बसली, फटफटी सुरू झाली आणि घाट उतरेपर्यंत थांबली नाही.

मूल आडवं आलं होतं. मावशीने दुपारपर्यंत झुंज दिली, तेव्हा आई आणि मुलगी दोघी वाचल्या. आणखी थोडा उशीर झाला असता तर एकही वाचली नसती, असं मावशीने परतताना सांगितलं.

गावातल्या काहींना तुळाजीचं म्हणणं पटलं नाही. पुढच्या धुक्यात त्याने त्यांना घाटात नेलं, झाकण सोडून ठेवलं, आणि फटफटी बंद पडल्यावर एकेकाचा हात धरून त्या गार पितळेवर ठेवला. मग लोकांनी कड्याच्या कडेला दगडांचा कमरेएवढा बांध घातला. त्यानंतर त्या वळणावर माणसं घाबरली, पण मेलं कुणी नाही.

तात्पर्य: जिथं भीती वाटते तिथून पळू नये; थांबून, हात लावून, आधी कारण शोधावं.